पंचविसावं पुस्तक खोटं ठरलं तेव्हा

गेल्या महिन्यात दत्ताच्या नातवाने माझ्या फोनवर एक यादी पाठवली. 'आकाशतारू' या जुन्या पुस्तकमालेवर कुठलीशी कंपनी आता पडद्यावरची मालिका काढते आहे, आणि मालेतली कुठली पुस्तकं अधिकृत मानायची हे तिने जाहीर केलं आहे. पहिली बावीस अधिकृत. तेवीस, चोवीस आणि पंचवीस ही मूळ कथेचा भाग मानू नयेत, असं खाली बारीक अक्षरांत. म्हातारीने ही पुस्तकं लहानपणी वाचली आहेत एवढंच पोराला ठाऊक, म्हणून त्याने सोबत एक हसरा चेहरा टाकला होता. ती शेवटची तीन पुस्तकं माझ्या सख्ख्या काकाने लिहिली होती आणि त्यांतलं पंचविसावं या कंपनीच्या कितीतरी आधी मीच खोटं ठरवलं होतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. दत्ता, माझा भाऊ, होता तोवर आम्ही दोघं हा विषय काढत नसू. आता तोही गेला. सांगणारी मी एकटीच उरले आहे, म्हणून हे लिहून टाकते. लिहिताना बरं वाटत नाही, पण न लिहिता तरी कुठे बरं वाटत होतं?

आमचं घर पूर्णगडच्या खाडीपासून आत, चढणीवर. पुढे शेणाने सारवलेलं खळं, मग पडवी, माजघर, आणि मागच्या बाजूला गोठ्याला लागून न्हाणी. बाबा शेती बघायचे आणि आंब्याची सात-आठ कलमं होती त्यांची राखण करायचे. आईचा दिवस चुलीपुढे आणि पाणंदीतून पाणी वाहण्यात जायचा. अण्णाकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, मुंबईला गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचा. त्याचं लग्न झालं नव्हतं. घरातल्या सगळ्या मोठ्यांना अहो-जाहो, पण काकाला मात्र आम्ही अरे-तुरे करायचो आणि त्यालाही तेच आवडायचं. तो वर्षातून दोनदाच यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. पण 'आकाशतारू'चं नवं पुस्तक निघालं की ते वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. गाडी घाटी उतरायला लागली की तिच्या गिअरचा आवाज आमच्या खळ्यात ऐकू यायचा. तो ऐकला की दत्ता आणि मी ताटावरून उठायचो. आई मागून ओरडायची, "अरे, हात तरी धुवा मेल्यांनो! पुस्तकाला आमटी लागंल."

तेव्हा त्या पुस्तकांनी आम्हाला वेड लावलं होतं. ताऱ्यांमधून जाणारं एक प्रचंड जहाज, त्याचा कप्तान आदिनाथ, आणि लोखंड्या नावाचा यंत्रमानव, जो सगळ्यांची चेष्टा करायचा आणि स्वतः मात्र चेष्टा सहन करायचा नाही. जहाज घरी परतायला निघालेलं असायचं आणि दर पुस्तकात काहीतरी होऊन वाट चुकायचं. आमच्या घरात दुसरी पुस्तकं म्हणजे पंचांग आणि एक पोथी. त्यामुळे कप्तान आदिनाथ आम्हाला एखाद्या दूरच्या मामासारखा वाटायचा, जो फार दिवस बोटीवर गेला आहे आणि कधी ना कधी येणारच. दत्ता माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आणि स्वभावाने कारकून. त्याने शाळेच्या एका वहीत 'खरी यादी' काढली होती. कुठल्या पुस्तकात काय घडलं, जहाजाला दरवाजे किती, लोखंड्याचा कुठला हात मोडला आणि कधी बसवला, सगळं त्यात. रत्नागिरीच्या बाजारात कुणीतरी याच नावाने काढलेलं एक भिकार पुस्तक मिळालं होतं, त्यात लोखंड्याला चक्क लग्न करायला लावलं होतं. ते दत्ताने यादीबाहेर ठेवलं. आमच्या लेखी यादीत नाही ते घडलेलंच नाही. आज मोठमोठी माणसं पगार घेऊन हेच करतात असं नातू सांगतो, तेव्हा मला दत्ताची ती शाईने बरबटलेली वही आठवते.

त्या वर्षी काका गणपतीला आला तो परत गेलाच नाही. छाती भरली होती. शिशाच्या खिळ्यांत आयुष्य गेलं, त्याची धूळ आत बसली, असं डॉक्टर म्हणाले. पडवीत त्याची खाट टाकली. खाटेखाली त्याची पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेत कपडे थोडे, कागद फार. दिवसभर तो मांडीवर पाट घेऊन काहीतरी लिहीत बसायचा. विचारलं की म्हणायचा, "पत्रं लिवतोय गो, छापखान्यातल्या लोकांना." वर्तमानपत्र वाचतानाही त्याच्या हातात पेन्सिल असायची. चुकलेल्या अक्षरावर रेघ मारायची, कडेला कसलीशी शेपटीवाली खूण करायची, असा त्याचा हात आपोआप चालायचा. आणि खोकला. त्या खोकल्याचा आवाज घरभर होता. आई दळताना जातं मधेच थांबवायची, खोकला सरला की परत फिरवायची. उकड्या तांदळाची पेज, वर मिठाचा खडा, फार तर भाजलेला सुका बांगडा, एवढंच त्याला जायचं. मी शाळेतून आले की त्याच्या खाटेवर बसून फणसाच्या आठळ्या सोलायचे. मला तो फार आवडायचा. पण खोकायला लागला की मी उठून गोठ्यात जायचे. हे कबूल करायला हवं.

पंचविसावं पुस्तक त्याने येतानाच आणलं होतं. दत्ताने आधी वाचलं, मग मी. त्यात सुरुवातीलाच कप्तान आदिनाथ आजारी. जहाजाच्या खिडकीपाशी बसून बाहेरच्या अंधाराकडे बघत तो खोकतो. लोखंड्या त्याच्यासाठी पेज शिजवतो आणि ती जास्त घट्ट झाली म्हणून स्वतःवरच चिडतो. पुस्तक संपतं तेव्हा जहाज घराच्या वाटेला लागलेलं असतं आणि कप्तानाला धाप लागलेली असते. शेवटच्या पानावर चौकटीत छापलं होतं की सव्विसावं आणि अखेरचं पुस्तक लवकरच. मी ते मिटलं आणि दत्ताला म्हटलं, "हे खोटं आहे." दत्ता म्हणाला, मुखपृष्ठावर लेखकाचं तेच नाव आहे, छापखाना तोच आहे, खोटं कसं असेल? मी म्हटलं, आधीच्या पुस्तकांत जहाजावरची माणसं गोळ्या खाऊन राहतात, तुझ्याच यादीत तसं लिहिलंय, मग ही पेज कुठून आली? तेवीस आणि चोवीसमध्येही पेज होती, कुळथाची पिठीसुद्धा होती. ते तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण त्या पुस्तकांत कुणी खोकत नव्हतं. पेज हे निमित्त होतं. चोराच्या मनात चांदणं, तशी मी पेजेवरच जोर देत राहिले.

चार दिवस आमचं भांडण चाललं. शेवटी बबन गुरवाने तोड काढली. बबन आमच्याबरोबरचा, तोही पुस्तकं वाचायचा, आणि त्याचे वडील गावदेवीचे गुरव. गावात कुणाचा बांध कुठला, कुणी कुणाशी सोयरीक करावी, बैल विकावा की ठेवावा, माणसांचं एकमत झालं नाही की देवीला कौल लावायचा अशी आमच्याकडची रीत. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बबन म्हणाला, "मंग पुस्तकाचा कौल लावू. देवीला इचारू नको, मोठी माणसं मारतील. गोठ्यामागं तो काळा दगड हाय, तेला इचारू." आम्हाला यात काहीच वावगं वाटलं नाही. ज्या गोष्टीचा निकाल माणसाला लागत नाही ती कौलाला लावायची, एवढंच आम्हाला माहीत. जहाज आकाशातलं असलं म्हणून काय झालं?

दुपारची वेळ होती. आई आणि बाबा कलमांकडे गेले होते. बबनने आंघोळ करून ओला पंचा गुंडाळला, तगरीच्या दोन पाकळ्या माझ्याकडे दिल्या आणि दगड धुवायला पाणी आणायला गेला. दत्ता पुस्तक आणायला घरात गेला. मी एकटीच होते. गोठ्याच्या दारात काकाचा सकाळचा पेजेचा वाडगा विसळायला ठेवलेला होता, तळाला दाट खळ राहिली होती. मी उजव्या पाकळीची पाठ त्या खळीत बुडवली. फार विचार केला असंही नाही. हात गेला आणि काम झालं. मग बबन आला, पाकळ्या दगडाला लावल्या गेल्या, आणि वडिलांचा आवाज काढून त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा म्हाराजा! आज ही लेकरा तुझ्या पायाशी आली हायत. ह्या पंचविसाव्या पुस्तकात कप्तानाची जी काय कथा सांगितली हाय, ती खरी असंल तर उजवी दे, खोटी असंल तर डावी दे. लेकरांचं काय चुकलं-माकलं असंल तर पोटात घाल म्हाराजा!" दत्ता आणि मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." चुकलं-माकलं म्हणताना बबनने माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. नसेलही पाहिलं. उन्हाने डावी पाकळी वाळली, तिची कड वळली आणि ती पडली. उजवी संध्याकाळी आई म्हैस बांधायला आली तेव्हाही दगडाला चिकटलेली होती.

दत्ताने वहीतला पंचविसाचा आकडा खोडला. त्याचं तोंड उतरलं होतं, पण कौल म्हटल्यावर तो काय बोलणार! मला तेवढ्याने भागलं नाही. जिंकले की थांबायचं हे मला आजही जमत नाही. काका दुपारचा झोपला होता. त्याच्याच उशाचं पेन घेऊन मी पुस्तकाच्या पहिल्या पानावर, नावाच्या खाली, चांगलं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'खोटे'. आणि पुस्तक ट्रंकेवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाने मला हाक मारली. वाडगा हातात होता, पुस्तक मांडीवर उघडं होतं. "काय गो, ह्या तू लिवलंस?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मी मान हलवली. "कशावरून ठरवलंस?" मी पेजेचं सांगितलं. गोळ्या खाणारी माणसं एकदम पेज कशी खायला लागतील, वगैरे. तो हसला, आणि हसता हसता त्याला उबळ आली. ती जाईपर्यंत मी खांबाला धरून उभी होते. मग तो म्हणाला, "पेजेचं समजलं. तुझं म्हणणं बरोबर हाय, ती चूकच झाली लिवणाऱ्याची. पण पेजेसाठी कोण एवढं मोठं अक्षर काढीत नाय. खरं काय ता सांग." मी रडायला लागले. म्हटलं, "कप्तान खोकतो." तो म्हणाला, "मंग? माणूस हाय. खोकंल." मी म्हटलं, "कप्तान नाय खोकत. खोकणारी माणसं मरतात. हे खरं असलं तर सव्विसाव्यात तो मरेल." काकाने वाडगा खाली ठेवला. वाडग्यातल्या पेजेवर साय धरली होती. मग म्हणाला, "जा बाय, शाळेची वेळ झाली." मला एकदम लाज वाटली. त्याचं पेन घेऊन मी 'खोटे'वर एक आडवी रेघ मारली आणि पळत सुटले. कौलाला पेज लावली होती हे मी त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही, आज लिहिते आहे.

त्यानंतर तीन-चार दिवस न्हाणीतली चूल काकाने पेटवली. एरवी ते काम आईचं. पहाटे गारवा असायचा, आणि आजारी माणसाला शेकायला बरं वाटत असेल असं आम्ही धरून चाललो. तो पाटावर बसून हंड्याखाली काहीतरी सारत असायचा. मी आंघोळीला गेले तर पाण्यावर काळे पापुद्रे तरंगत होते. मी कटकट केली, "पाण्यात राख पडलीय, असलं पाणी मी नाय घेणार." काका बाहेरून म्हणाला, "वायच हाताने बाजूला सार, काय होत नाय." मी ते पापुद्रे बाजूला सारले आणि आंघोळ केली. पाणी चांगलं कढत होतं.

शिमगा आठ दिवसांवर आला असताना काका गेला. घरात सुतक, म्हणून त्या वर्षी देवीची पालखी आमच्या खळ्यात आली नाही. ढोल वरच्या वाडीतून वाजत आले, आमच्या दगडी गडग्यापाशी पोचले आणि तसेच पुढे गेले. आई दाराआड उभी राहून लांबूनच हात जोडत होती. जातं आता मधे न थांबता फिरायचं, आणि ते ऐकून मला घरात बसवत नसे.

तेराव्याला छापखान्यातले फोरमन आले. मुंबईहून रात्रभर एसटीत बसून आलेला माणूस, पायांत धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. जेवणं झाल्यावर ते बाबांना म्हणाले, "एक विचारायचं होतं. अण्णांनी सव्विसावं पूर्ण केलं होतं का?" बाबांना काही कळेना. तेव्हा फोरमननी सांगितलं. मूळ लेखकाची दृष्टी बावीस पुस्तकांनंतर गेली. त्याने अण्णाकाकाला बोलावून घेतलं, कारण त्याचं अक्षर न् अक्षर काकाच्याच हातून जुळलं होतं. म्हणाला, तूच पुरं कर, फक्त नाव माझं राहू दे, आणि मी जिवंत असेपर्यंत कुठे बोलू नको. काकाने शब्द दिला. तो लेखक अजून होता, म्हणून काका घरातसुद्धा बोलला नव्हता. मग आई माजघराच्या दारातून म्हणाली, "कागद होते खरे. भावोजींनी स्वतः न्हाणीच्या चुलीत घातले. मी म्हटलं, अहो, एवढं लिवलेलं जाळताय कशाला? तर म्हणाले, वहिनी, त्यात एक माणूस मरतो, आणि आमच्या शालूला ता आवडत नाय."

शालू म्हणजे मी. दत्ताने माझ्याकडे पाहिलं. मी उठून पंचविसावं पुस्तक आणलं आणि फोरमनच्या पुढे ठेवलं. का आणलं, काय सांगायचं होतं, ते मला ठाऊक नाही. बहुधा कुणीतरी मला मारावं असं वाटत असावं. त्यांनी पहिलं पान उघडलं, खोडलेला शब्द पाहिला, आणि चष्मा वर करून पान डोळ्यांजवळ नेलं. "हे ठिपके कुणी दिले?" शब्दाच्या खाली पेन्सिलीने दिलेले पाच-सहा बारीक ठिपके होते. मी ते तोवर पाहिलेही नव्हते. "अण्णांचाच हात," ते म्हणाले. "आमच्यात खूण आहे ही. एखादा शब्द चुकून खोडला गेला की त्याच्या खाली ठिपके देतात. म्हणजे खोडलं ते धरू नका, शब्द आहे तसा राहू द्या."

एवढं सांगून ते हात धुवायला उठले.

आता ते पुस्तक माझ्या कपाटात आहे. तेवीस आणि चोवीस वाळवीने खाल्ली. नातवाने ती यादी पाठवल्यावर मला राहवेना. या मालेच्या वाचकांचा फोनवर एक गट आहे, त्यात त्याने मला घातलं. जगभर नोकऱ्या करणारी मराठी मुलं तिथे लोखंड्याच्या हातांवरून भांडतात. सव्विसावं कुणी पाहिलंय का, असंही मधून मधून विचारतात. मी लिहिलं की शेवटची तीन पुस्तकं माझ्या काकाने लिहिली, मूळ लेखकाच्या सांगण्यावरून लिहिली, ती खरी आहेत आणि यादीत यायला हवीत. काकाचं पूर्ण नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव त्या पुस्तकांच्या शेजारी कुणीतरी लिहिलं होतं. गट चालवणारा पुण्याचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, आजी, काही पुरावा आहे का? फोरमन गेले, बाबा गेले, आई गेली, दत्ता गेला. छापखान्याच्या जागी इमारत उभी आहे. मी नातवाकडून पहिल्या पानाचा फोटो काढून पाठवला. काकाच्या पेन्सिलीचे ठिपके त्यावर होते, दुसरं माझ्याकडे काही नव्हतं.

थोड्या वेळाने मुलाचं उत्तर आलं. "आजी, राग मानू नका, पण तुमच्या प्रतीवर तर कुणीतरी तेव्हाच 'खोटे' लिहून ठेवलंय. नंतर खोडलेलं दिसतंय. यातलं धरायचं काय?"

काकाला त्याच्या कामाचं श्रेय मिळवून द्यायची ही शेवटची संधी होती. ते पोर ऐकून घेणारं होतं. रेघ माझी आहे, ती बरोबर आहे, ती धरा, एवढं लिहिलं असतं तर कदाचित झालं असतं. मी चष्मा पुसला, फोटो बोटांनी मोठा केला. ठिपके पुसट झालेत, पण आहेत. एका लहान मुलीचा कप्तान मरू नये म्हणून त्या माणसाने स्वतःचं पुस्तक स्वतःच्या हाताने खोटं ठरवलं होतं, आणि मरायला टेकलेला असताना न थरथरता ठरवलं होतं. त्याने राहू दिलेला शब्द मी परत कसा खोडायचा?

मी उत्तर टाईप केलं: "खालचे ठिपके धरा. शब्द आहे तसा राहू द्या."

त्याला ते कळलं नसावं. त्याने नमस्काराचे दोन हात पाठवले आणि गटात पुन्हा लोखंड्यावरून भांडण सुरू झालं.